नॉरफोक सोडण्याआधी

माहीम, मुंबई

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या नॉरफोकला तू मैल शून्यावर आहेस, म्हणजे जिथून किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाचे मैल मोजतात तिथे. तिथून फ्लोरिडापर्यंतच्या आतल्या जलमार्गाबद्दल लिहिताना वाऱ्यापेक्षा तळाचंच जास्त लिहिणार आहे, कारण त्या मार्गावर शिडाच्या बोटी वादळापेक्षा गाळात जास्त अडकतात.

तुझ्या बोटीला साडेपाच फूट पाणी लागतं. डिस्मल स्वॉम्पचा कालवा सुंदर आहे, पण त्याची खोली सहा फुटांच्या आसपास आणि तळाशी बुडालेले ओंडके. तू दुसऱ्या वाटेने, ग्रेट ब्रिजच्या लॉकमधूनच (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दारांच्या कप्प्यातून) जा. पुढे अल्बेमार्ल साउंड हा खाडीसारखा जलविस्तार लागेल. तो रुंद पण उथळ आहे, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा 15 नॉटच्या (ताशी 15 सागरी मैलांच्या) वर असेल तर अलीकडेच थांब.

या मार्गावरचे मैल जमिनीचे आहेत, सागरी नव्हेत. पाच नॉटने नऊ तास चाललीस तर साधारण 52 मैल होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग लवकर अंधारतं. चारच्या सुमारास नांगर पडलेला असू दे.

दक्षिणेला जाताना जलमार्गाच्या कडेच्या लाल खुणा उजव्या हाताला. मात्र समुद्राकडे उघडणाऱ्या मुखांपाशी लाल-हिरवं उलटं होऊ शकतं, कारण तिथल्या खुणा समुद्रातून आत येणाऱ्यांसाठी लावलेल्या असतात. अशा वेळी खुणेवरचं छोटं पिवळं चिन्ह बघ. पिवळा त्रिकोण उजवीकडे ठेवायचा, पिवळा चौकोन डावीकडे, मग खुणेचा स्वतःचा रंग कोणताही असो. या मुखांपाशी वाळूही सरकत असते, म्हणून चार्टवरच्या रेषेपेक्षा खोली मोजणाऱ्या डेप्थ साउंडरवर जास्त विश्वास ठेव.

खरी परीक्षा जॉर्जियात. कागदावर खोली 12 फूट, पण सव्हानाच्या दक्षिणेचं हेल गेट आणि पुढची लिटल मड रिव्हर गाळाने भरत राहतात. भरती-ओहोटीतला फरक सात ते नऊ फूट. आपल्या उधाणाला चार मीटरच्या वर पाणी चढताना तू पाहिलं आहेस, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटेल. तसं समजू नकोस. अशा जागी अर्धी भरती झाल्यावर शिर. टेकलीस तरी चढतं पाणी उचलून नेईल. ओहोटीत टेकलीस तर बोट कलते आणि पुढच्या भरतीपर्यंत तशीच बसते. टेकल्यावर इंजिन रेटू नकोस, गाळ थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात ओढला जातो. डिंगीतून (छोट्या होडीतून) खोल बाजूला नांगर नेऊन टाक, त्याचा दोर विंचवर (दोर ओढायच्या चाकावर) ताण, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर काढून त्यावर वजन दे. बोट कलली की कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंख, थोडी वर येते.

नांगराची साखळी मोजताना फक्त साउंडरचा आकडा धरू नकोस. ओहोटीला दहा फूट, भरतीचे आठ, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची चार, एकूण 22. त्याच्या पाचपट म्हणजे 110 फूट साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट, 154. दर सहा तासांनी प्रवाह फिरतो आणि बोटही फिरते, तेव्हा पहिल्या पालटाला उठून नांगर धरून आहे ना, ते बघच.

पुलाखाली जाण्याआधी खांबावरची उंचीची पट्टी वाच. बहुतेक पक्के पूल 65 फुटांचे, विल्करसन पूल 64, आणि वाऱ्याने पाणी चढलं की तेवढी जागाही कमी होते. तुझी डोलकाठी अँटेनासकट 61 फूट. मायामीच्या ज्युलिया टटल पुलाखाली फक्त 56 फूट आहेत, म्हणून फोर्ट लॉडरडेलला समुद्रात बाहेर पड आणि मायामीला पुन्हा आत ये. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात रेडिओच्या चॅनल 13 वर हाक मार, त्याच्या दक्षिणेला 9 वर.

इंजिन सुरू केल्यावर दर वेळी एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना ते डोळ्यांनी बघ. धार बारीक झाली तर आधी गाळणीतला पाला काढ, मग इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) तपास. त्याची पाती तुटली असतील तर नवा बसवून भागत नाही. तुटलेले तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतात; ते सगळे मोजून काढ, नाहीतर इंजिन पुन्हा तापेल. दोन इंपेलर आणि झाकणाची गॅस्केट जवळ ठेव. खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे दिसले की दूरून वळ. दोर बोटीच्या पंख्यात गेलाच तर लगेच न्यूट्रल.

स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच गॅस बंद कर. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठतो.

विम्याची पॉलिसी नीट वाच. चक्रीवादळांचा मोसम 30 नोव्हेंबरपर्यंत असतो आणि ठरावीक तारखेआधी ठरावीक रेषेच्या दक्षिणेला जायची परवानगी अनेक पॉलिसींत नसते. मावशी नाताळात येते म्हणते आहे. तिला मायामीचं तिकीट काढू दे, पण तिथून तू असशील त्या गावापर्यंत बसने यावं लागेल, हे तिला आताच सांगून ठेव.

तुझी,
आई