आम्ही नेमके कुठल्या रकान्यात बसतो, साहेब?

प्रति,
माननीय कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

परवा मंगळवारी मी मुलाबरोबर कामगार कार्यालयात गेले होते. कंपनीने त्याच्याकडून दबावाने राजीनामा लिहून घेतला, त्या तक्रारीची ही तिसरी तारीख. पहिल्या तारखेला साहेब मीटिंगला गेलेले, दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस फिरकला नाही. तिसऱ्या तारखेला दोघंही हजर होते आणि दहा मिनिटांत आम्हाला सांगण्यात आलं, 'तुमचा मुलगा इंजिनिअर आहे, तो कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. आणि राजीनाम्यावर सही त्याचीच आहे.' फाईल मिटली. बाहेर आल्यावर मुलगा काही बोलला नाही. मी बोलणार आहे. आपल्याला वेळ नसेल तर पीए साहेबांनी वाचलं तरी चालेल.

मी माणला राहते, हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या फेजजवळ. 2008 पासून खानावळ चालवते. हे पत्र मी सांगते आहे आणि मुलगा टाइप करतोय. मी रागाने काही बोलले की तो गाळतो आणि मी ते परत घालायला लावते, म्हणून कुठे वाकडंतिकडं झालं असेल तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे साखर कारखाना व्हायचा होता, त्याच्या जागी आयटी पार्क झाला, ही गोष्ट इथं पोरासोरांना पाठ आहे. जमिनी गेल्या, पैसे आले आणि तेही गेले. ज्यांच्याकडे दोन गुंठे उरले त्यांनी खोल्या बांधून कॉट बेसिसवर दिल्या, आमच्यासारख्यांनी चुली मांडल्या. 2020 च्या फेब्रुवारीत माझ्याकडे 140 मंथली मेंबर होते. चपात्यांना चार बायका, भांड्यांना दोन, बाजार आणायला एक पोरगा. लातूर, नांदेड, जळगाव, अकोला, कुठकुठली लेकरं. गुरुवारी साबुदाणा कोणाला लागतो आणि वांगं कोण खात नाही, हे मला त्यांच्या आयांइतकंच ठाऊक होतं.

9 मार्चला पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले. आठवड्याभरात कंपन्यांचे डेस्कटॉप टेम्पोत चढलेले मी या डोळ्यांनी पाहिले. पोरं म्हणाली, 'काकू, पंधरा दिवसांत येतो, गादी राहू द्या.' गाद्या, बादल्या, हेल्मेट, एक गिटार, सगळं मी माळ्यावर ठेवलं. पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. गिटार अजून माळ्यावरच आहे.

कंपन्यांसाठी मात्र रस्ता केवढ्या झटक्यात मोकळा झाला! कॉल सेंटर, बीपीओवाल्यांनी घरून काम करायचं तर दूरसंचार खात्याचे नियम आडवे येत होते. ते मार्चमध्येच सैल झाले, आणि 5 नोव्हेंबर 2020 ला तर नोंदणीची अटच निघाली. कोणी तारीख दिली नाही, कोणी व्याख्या विचारली नाही. सरकार इतकं चपळ असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग आमची पाळी आली. मे महिन्यात 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वीस लाख कोटींवर शून्यं किती, ते मुलाने कागदावर लिहून दाखवलं. त्यात छोट्या धंद्यांना विनातारण कर्ज होतं, म्हणून मी बँकेत गेले. तिथे कळलं की 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्यावर जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या 20 टक्के मिळणार. माझ्यावर बँकेचं एक रुपयाही कर्ज नव्हतं. बारा वर्षं रोखीत धंदा केला, अडलं तर सोनं ठेवलं, सोडवलं. शून्याचे 20 टक्के किती होतात साहेब? कर्ज न काढणं हाच माझा गुन्हा ठरला.

फेरीवाल्यांना 10,000 रुपयांचं कर्ज मिळत होतं. पण मला चार भिंती आहेत, मी फेरीवाली नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा राज्याने 1,500 रुपये दिले, ते परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, घरकामगारांना. दिले ते चांगलंच केलं, त्यांच्या ताटातलं मला नको. पण माझ्याकडच्या सहा बायका? त्या लोकांच्या घरी राबत नव्हत्या, खानावळीत राबत होत्या, म्हणून त्या घरकामगार नाहीत. मी मालकीण, म्हणून मी गरीब नाही. प्रत्येक फॉर्मवर रकाने होते आणि आम्ही एकाही रकान्यात बसत नव्हतो. वीजबिल मात्र आम्हाला बरोबर शोधत यायचं. बंद खानावळीचं व्यावसायिक मीटर, त्याचा स्थिर आकार. दिवाळीला वीजबिलात सवलत देऊ म्हणून मंत्र्यांनी सांगितलं आणि दिवाळी संपता संपता जमत नाही म्हणून हात वर केले, आठवतंय ना? खातं तुमचं नव्हतं, मला माहीत आहे. तुम्हा लोकांची खाती वेगवेगळी असतात, आमचं पोट एकच असतं.

त्या वर्षी मी मोठी पातेली वजनावर विकली. 60 लिटरचं वरणाचं पातेलं भंगारवाल्याने पाय देऊन चेपलं तेव्हा मी आत निघून गेले. (हे वाक्य मुलाने दोनदा काढलं. मी तिसऱ्यांदा घातलं आहे.)

एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकसली असं पेपरात आलं होतं. आमची शंभर टक्के आकसली, ती कुठल्या आकड्यात मोजली कोण जाणे. आणि वर्षभरातच ॲपवाल्यांचे शेअर बाजारात येऊ लागले. 23 जुलै 2021 ला झोमॅटो बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिची किंमत लाख कोटींच्या पुढे गेली. एकीकडे खानावळी बंद पडत होत्या आणि दुसरीकडे जेवण पोचवणारा लाखाचा कोटी होत होता. नंतर मीसुद्धा एका ॲपवर नाव घातलं. थाळी 120 ची, त्यातले जवळजवळ 30 त्यांचे, वर 'ऑफर'चा भुर्दंड माझा. तीन महिन्यांत नाव काढलं.

एवढं होऊनही त्या दिवसांत आमच्या घरात पेढे वाटले गेले. आयटीला त्या वर्षी माणसं पुरत नव्हती. सगळं जग मोबाईलवर आलं होतं ना, शाळा, बँक, भाजी, डॉक्टर. दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून 2021-22 या एका वर्षात 1 लाख 85 हजार नवीन पोरं घेतली. माझा मुलगा एका तिसऱ्या कंपनीत लागला. वर्षाला साडेतीन लाख. लॅपटॉप कुरिअरने आला. मी रिकाम्या खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं आणि म्हटलं, इतकी वर्षं आयटीला जेवायला घातलं, आता आयटीच जेवायला आली.

पावणेदोन वर्षं त्याने कंपनीची इमारत आतून पाहिली नाही, आणि ती आमच्या गच्चीवरून दिसते. सकाळी नऊला बसायचा, रात्री अकरा वाजता उठायचा. परदेशातल्या साहेबांची सकाळ म्हणजे आमची रात्र. 'घरूनच तर आहेस' म्हणून तास कोणी मोजले नाहीत. मग 2023 मध्ये फर्मान निघालं, आता ऑफिसला यायचंच, कार्ड किती वाजता लागलं त्यावर तुमचं मूल्यमापन. आठशे मीटरसाठी चाळीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये. मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं, मार्च 2025 ची मुदत आमच्या दारावरून निघून गेली. खांब छान आहेत, सावली पडते.

आणि आता हे. प्रोजेक्ट संपला, दोन महिने बेंचवर, म्हणजे काम न देता, ठेवलं, मग एका दुपारी व्हिडिओ कॉल. समोर दोघं, त्यातल्या एकाचा कॅमेरा बंद. 'स्वखुशीने राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र. नाही दिलात तर काढून टाकू, मग पुढची नोकरी कशी मिळते ते बघा.' वीस मिनिटं. त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर. मी पलीकडे पीठ मळत होते आणि मला वाटलं मीटिंग चालली आहे.

फेसबुकच्या मालकाने 2022 च्या नोव्हेंबरात 11,000 माणसं काढली, पण निदान लिहून कबूल केलं की साथीतली वाढ टिकेल हा अंदाज चुकला. अंदाज साहेबाचा चुकला, घरी गेली माणसं, ते सोडा. आमच्याकडे तर चूक कोणाचीच नसते, कारण आमच्याकडे कोणी कोणाला काढतच नाही. पोरंच स्वखुशीने जातात, लाइनीने, एकाच आठवड्यात.

आता व्याख्येचं. मुलाने मला कायदा वाचून दाखवला. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तांत्रिक काम करणारा माणूस कामगार आहे. मॅनेजर नसावा, आणि पर्यवेक्षक असेल तर पगार 18,000 च्या वर नसावा, एवढंच. माझ्या पोराच्या हाताखाली एकच गोष्ट होती, माऊस, तोही कंपनीचा. मग तो कुठल्या अर्थाने साहेब झाला? हा कायदासुद्धा 2020 च्या सप्टेंबरातला, आम्ही तोंडाला फडकी बांधून घरात बसलो होतो तेव्हाचा. आधी 100 पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला माणसं काढायला सरकारची परवानगी लागत नव्हती, आता 300 पेक्षा कमी असले तरी लागत नाही, हेही त्यातच. तो लागू झाला नोव्हेंबर 2025 मध्ये. त्याच्या दोन महिने आधी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतला 9 तासांचा दिवस 10 तासांचा करायचं ठरवलं. साथ संपली, सवलती संपल्या, कंपन्यांची सोय तेवढी संपत नाही. कोणाचंही सरकार येऊ द्या, तुमचे मोर्चे वेगळे असतात आणि जेवायला बसता एकाच पंगतीत. खानावळवाली आहे, पंगत मला ओळखू येते.

मागणं दोनच आहे. 'स्वखुशी'चे राजीनामे एकाच महिन्यात पन्नासच्या वर गेले तर आपल्या खात्याने ते तपासावेत. आणि सॉफ्टवेअरवाला कामगार आहे की नाही, हे एकदा कागदावर शिक्का मारून सांगावं. नसेल तर नाही म्हणा, आम्ही तारखा घालणं बंद करतो. रिक्षाचे 90 रुपये वाचतील.

अर्ज पुन्हा दिला आहे, पोच घेतली आहे. पुढची तारीख 14 ची, सकाळी अकरा. बाकावर जागा नसते, म्हणून या वेळी आम्ही साडेनऊलाच येऊन बसणार आहोत.

आपली,
माणमधली एक खानावळवाली

ता. क. कंपनीचं नाव मी तीनदा सांगितलं, मुलाने लिहिलं नाही. रिलीव्हिंग लेटर अजून आलेलं नाही.