बोअरचे पैसे परत पाठवतोय

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "पप्पा, मीटिंग आहे" म्हणून मध्येच ठेवतोस आणि मग माझाही आवाज चढतो, म्हणून लिहितोय. तू पाठवलेले दीड लाख खात्यावर आले. बोअर घ्यायचा नाही. थोडे ठेवून घेतो, कशाला ते शेवटी सांगतो, बाकीचे सोमवारी परत टाकतो.

तुझं म्हणणं, जमीन आपली, बोअर आपला, मग सामाईक विहिरीवर थोरल्या घरच्या नानांच्या पाण्याच्या पाळीकडं तोंड करून कशाला बसायचं. जुन्या कायद्यानं तुझं चुकत नाही. इंग्रजांचा 1882 चा सुखाधिकार कायदा हेच सांगत आलाय, जमीन ज्याची त्यानं तिच्या खालचं पाणी उपसावं. पण पाण्याला सातबारा वाचता येत नाही. आपल्या विहिरीचे झरे वरच्या मुरमातून आणि पाषाणाच्या फटींतून येतात. तू चारशे फूट खाली गेलास की त्याच फटी तिकडून ओढणार. बोअर आपल्या बांधावर, आणि कोरडी पडणार सामाईक विहीर. याला स्वतःचं पाणी म्हणायचं का?

ही विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. अप्पा आणि त्यांचे दोघे भाऊ, तिघांनी पाडली. मजूर लावायला पैसा नव्हता म्हणून सावडीनं खणली. आज इतरांनी आपल्या विहिरीत उतरायचं, पुढं आपण त्यांच्या खळ्यावर. पाषाण लागल्यावर सुरुंगाला पैसे लागले, ते थोरल्या घरानं म्हातारीच्या पाटल्या मोडून घातले. म्हणून सातबाऱ्यावर इतर हक्कात नानांचे आठ आणे आणि आपले नि धाकल्यांचे चार-चार. आठ दिवसांचं चक्र, चार दिवस त्यांचे, दोन आपले, दोन धाकल्यांचे. तुला वाटतं हे अन्यायाचं आहे. पाटल्या आपल्या नव्हत्या, बाळा.

सामाईक म्हणजे गुण्यागोविंदानं, असं मी म्हणणार नाही. मोटर जळली की वर्गणीला महिना लागतो. धाकल्यांनी एकदा पाइप कापला होता, तेव्हा वर्षभर त्यांच्या घरचा चहा आपल्याला कडू लागायचा. आणि एक गोष्ट तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही.

2013 चा उन्हाळा. अंजिराचा मीठा बहर धरलेला, फळ लिंबाएवढं, आणि पानं दुपारी माना टाकायची. पाळी नानांची. लाईट रात्रीची. नाना आजारी, त्यांचा पोरगा गावाला गेलेला. मी साडेअकराला जाऊन स्टार्टर दाबला आणि कॉक आपल्या पाटाकडं फिरवला. अडीच वाजेपर्यंत दारं धरलं, आळ्यांत पाणी सोडत राहिलो. बॅटरी लावली नाही, चांदण्यावर भागवलं. सकाळी नाना काठी टेकत आले. आपल्या अंजिराची आळी ओली, त्यांची सरी ठणठणीत. काही बोलले नाहीत. मोटरच्या खोलीच्या दारावर आपण पाळ्या लिहितो ना, तिथं खडूनं माझ्या नावापुढं लिहिलं, "तीन तास". बस. पुढच्या आठवड्यात आपल्या पाळीतले तीन तास मी त्यांना सोडले, तेव्हा त्यांनीच ओल्या फडक्यानं पुसलं. गावात कुणाला कळू दिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझा बोअर असता तर ते तीन तास मला चोरावे लागले नसते, हे खरं. सामाईक विहीर आटताना मात्र दारावर कुणी काही लिहिलं नसतं.

आपल्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे होते. कारखानदार माणूस, बहात्तरचा दुष्काळ बघून इथं आला. देवस्थानचं 40 एकर माळरान भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोक्यामागं अर्ध्या एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. आणि ऊस लावायचा नाही. आमच्या वयाच्या पोरांना तेव्हा हे खुळं वाटायचं, मीही हसलोय.

उलट गायरान बघ. तिथं कुणाच्या नावाला आणा नाही, पाळी नाही, दार नाही की खडू नाही. ज्याचा बांध लागून होता त्यानं ओढलं. आता शेळ्या डांबरी रस्त्याच्या कडेला चरतात. त्यामुळं सगळंच सगळ्यांचं असावं असं मी म्हणत नाही. अंजिराची झाडं माझी आहेत, त्यांत मी कुणाला घेणार नाही. सातबारा चोख ठेव, फेरफार वेळेवर कर, हे तुला मीच शिकवलंय.

ट्रॅक्टरही मी भाड्यानंच आणतो. वर्षातून चार-पाच दिवसांचं काम. शेजारच्यानं हौसेनं घेतला, तो ताडपत्रीखाली उभा आणि हप्ता चालू. तूही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोस, तिघांत एक फ्रीज, आणि कुणाचं दूध कुणी प्यायलं ते मोबाईलवर लिहून ठेवता म्हणे. मग गावाकडच्या विहिरीलाच स्वतःची मालकी कशाला हवी? इथं तुला कोण बघणार आहे म्हणून?

विहिरीत गाळ आलाय, दोन पुरुष खोल तरी असेल. यंदा यारी, म्हणजे गाळ उपसायची क्रेन, लावून काढायचा असं नाना म्हणतात. चार आण्याप्रमाणं आपला वाटा मी तुझ्या पैशातून देतो, आणि अंजिराला ठिबकच्या नळ्या घेतो. ठिबक झालं की दोन दिवसांची पाळीही आपल्याला पुरून उरेल, त्यातला एखादा तास नानांना सोडता येईल. त्यांचा वाटाणा या वेळी उशिरा आहे.

शनिवारी रात्री पाळी आपली, लाईट साडेदहाला येते. येणार असलास तर बॅटरी घेऊन ये, माझीचे सेल गेलेत. आई बाजरीचं पीठ दळून ठेवतेय.

तुझे
पप्पा