पाय अधू नव्हते, ताई

ताई, त्या पाखराच्या पिल्लासाठी फोनवर दोनदा थँक्यू म्हणालो पण मन काही भरलं नाही, म्हणून हे लिहितोय. असलं जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही माहितीये. तरी वाचा.

ते पिल्लू सापडलं तेव्हा त्याच्या अंगावर धड पिसं नव्हती, पंखांवर नुसत्या काळ्या काड्या फुटलेल्या, डोळे किलकिले, आणि घरटं इतकं उंच छताखाली की शिडीसुद्धा पोचेना. मग सुरू झाले सल्ले. एक म्हणाला चिमणी आहे, दूध-पाव द्या. दुसरा म्हणाला ड्रॉपरने पाणी पाजा. तिसरा म्हणाला तुम्ही हात लावलात ना, आता आई जवळ घेणारच नाही. (हे साफ खोटं असतं हे नंतर तुमच्याकडूनच कळलं.) आणि ज्यांना जाणकार समजून मी मुद्दाम विचारलं, त्यांनी फोटो बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, याचे पाय अधू आहेत, काडीवर बसत नाही म्हणजे जगायचं नाही, ठेवून द्या कुठेतरी झाडाखाली. ठेवून द्या! जुनी चप्पल आहे का ती? नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, पायाचा जवळून फोटो पाठवा. आणि दोन मिनिटांत उत्तर, "चारही बोटं पुढे आहेत बघा. चिमणीची तीन पुढे असतात, एक मागे. ही पाकोळी आहे, ही फांदीवर बसतच नाही, भिंतीला लटकते." मी येडा, पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ एवढंच मला माहीत, या नावाचा पक्षीही असतो हे ठाऊकच नव्हतं, तसं बोललोही, आणि तुम्ही हसलात. त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं. तोवर मी खोक्यात काडी आडवी लावून त्या बिचाऱ्याला तीनतीनदा वर बसवत होतो आणि ते पडत होतं.

दूध-पाव दोनदा देऊन झालाय हे सांगताना माझी जीभ अडखळत होती. तुम्ही ओरडला नाहीत. पाखरांना दूध पचत नाही, तोंडात पाणी सोडलं तर सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पिल्लू गार असताना भरवलेलं पचत नाही, म्हणून आधी ऊब मग खाणं, हे सगळं तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पण आभार खरे त्याचेही नाहीत. मी खोकं घेऊन तुमच्या दारात आलो, झाकण उघडलं, आणि तुम्ही लगेच हात घातला नाहीत. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर खूप वेळ चोळलेत, मग गरम चहाच्या कपाला धरून ठेवलेत, गालाला लावून बघितलेत, आणि मग त्याला उचललंत. बोलला काहीच नाहीत. मी मात्र माझ्या हातांकडे बघत बसलो, दिवसभर याच गार हातांनी त्याला पंचवीस वेळा उचललं होतं ना. सल्ले देणारे भरपूर भेटले हो, पण समोरच्याला आपला हात गार लागेल असा विचार करणारं माणूस मी फार कमी पाहिलंय, आणि इथे तर समोरचं कोण, तर मूठभरसुद्धा नसलेलं एक पाखरू.

नंतर मी वाचत बसलो. या पक्ष्यांचं शास्त्रीय नाव एपस, ग्रीकमध्ये म्हणजे बिनपायाचा. आणि 2016 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की यांच्यातल्या कॉमन स्विफ्ट जातीचे काही पक्षी सलग 10 महिने कुठेही न टेकता हवेतच होते. खातात हवेत, झोपतातही बहुतेक हवेतच. अशाला मी काडीवर बसायला शिकवत होतो.

काही आठवड्यांनी तुम्ही तो व्हिडिओ पाठवलात. हात उंच धरलेला, त्यावर ते नुसतं थरथरतंय, आणि मग एकदम काहीच नाही, रिकामा तळवा. कितीतरी वेळ तुम्ही हात खाली घेतलाच नाहीत, तेवढा भाग मी परत परत बघतो.

माझं खोकं तुमच्याकडेच राहू द्या, पुढच्या पिल्लाला होईल. फक्त आतली ती काडी काढून टाका.