मागच्या बाकावर एक सर हवे होते : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी 31 वर्षे अर्थशास्त्र शिकवले, तिथे तळमजल्यावर अकरावी-बारावीचे वर्ग भरत आणि वरच्या मजल्यावर एफवाय ते टीवाय, म्हणजे पदवीची तीन वर्षे. खाली शिकवणाऱ्यांकडे एम.ए.बरोबर बी.एड. होते. पाठ टाचणे काढलेली, सराव पाठ घेतलेले, निरीक्षकांची बोलणी खाल्लेली माणसे. वर शिकवणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत फळ्याकडे पाठ करून कधी उभेही राहून पाहिले नव्हते. मार्चमध्ये खाली बसणारी मुलगी जुलैत जिना चढून वर येई. मधल्या चार महिन्यांत ती अशी काय बदलते की तिला शिकवणाऱ्याने शिकवायला शिकलेले नसले तरी चालते, हे कोडे मला निवृत्त होईपर्यंत सुटले नाही. म्हणून हे पत्र.

माझी गोष्ट 1992 सालची. एफवायचा वर्ग, नव्वद-पंच्याण्णव मुले, विषय पूर्ण स्पर्धा. मी रात्री जागून टिपणे काढली होती आणि ती सावकाश सांगत होतो, मुले उतरवून घेत होती. 'बाजारात असंख्य ग्राहक आणि असंख्य विक्रेते असतात, कोणी एकटा किमतीवर परिणाम करू शकत नाही.' खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमचे वडील कांदा घेऊन लासलगावला जातात. तिथं इकणारे लई असतात, पण बोली लावणारे थोडेच. तेच ते. मग भाव कोण ठरवतं?"

वर्ग हसला. बरीच मुले कांद्याच्याच घरची होती. कुणी आदल्या आठवड्यात बापाबरोबर ट्रॅक्टरवर रात्र काढून आले होते. पुष्कळ विक्रेते आणि मूठभर खरेदीदार अशा बाजारासाठी अर्थशास्त्रात वेगळी संज्ञा आहे, आणि ती मला पाठ होती. तरीही मी काय म्हणालो? "ते पुढे येईल. आत्ता हे लिहून घे, परीक्षेला असंच लिहायचं." मुलगा बसला. वर्षभर पुन्हा उठला नाही.

त्या दिवशी अर्थशास्त्राचा सगळ्यात चांगला तास आपणहून चालून माझ्या वर्गात आला होता, आणि मी त्याला दार दाखवले. मला विषय येत होता. प्रश्न आल्यावर काय करायचे ते येत नव्हते. टिपण बाजूला ठेवायची भीती वाटली, अभ्यासक्रम मागे पडेल अशी धास्ती वाटली, आणि खरे सांगायचे तर वर्ग हातातून जाईल असेही वाटले. मागच्या बाकावर एखादे ज्येष्ठ सर बसलेले असते आणि तास संपल्यावर व्हरांड्यात एवढेच म्हणाले असते, "अरे, त्या पोराला फळ्यापाशी का नाही बोलावलंस?", तर पुढची सात-आठ वर्षे मी वेगळा शिक्षक झालो असतो. ते शहाणपण मला चाळिशीत आले, आणि तेही ठेचा खाऊन.

ख्याल गाणाऱ्याचा शिष्य आधी वर्षानुवर्षे मागे तानपुरा घेऊन बसतो. मैफलीत गुरू मध्येच एखादी जागा त्याच्याकडे सोडतो, त्याने घेतली तर घेतली, चुकली तर स्वतः सावरून घेतो. श्रोत्यांना कळतही नाही. वकिलाचा ज्युनिअर, डॉक्टरचा रेसिडेंट, तालमीतला पोरगा, सगळ्यांना ही सोय आहे. महाविद्यालयातला शिक्षक मात्र थेट मैफलीत बसवला जातो.

आपली निवडीची पद्धत पाहा. सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकाची राज्य पात्रता परीक्षा. तिला दोन पेपर. पहिल्यात 50 प्रश्न, 100 गुण. त्यात संशोधन, आकलन, तर्क, संगणक असे बरेच काही आणि थोडी 'अध्यापन अभिक्षमता'. उत्तरे चार पर्यायांतून निवडायची. पोहण्याची परीक्षा काठावर बसून गोल काळे करत द्यावी तसे हे आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा जे विद्यापीठ घेते त्याला आपण सावित्रीबाईंचे नाव दिले. ज्या बाईंनी शिकवण्यासाठी आधी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाकडून आम्ही प्रशिक्षण नसलेल्यांची पात्रता ठरवून घेतो. (नेमणुकांत आणखी काय काय चालते ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. हे पत्र त्याबद्दल नाही.)

1987 पासून देशभर नोकरीतल्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे आली, त्यांची नावे दोनदा बदलली, आता ती मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेखाली चालतात. मीही तिथे महिना काढला. व्याख्याने चांगली झाली, मित्र मिळाले, पदोन्नतीला प्रमाणपत्र उपयोगी पडले. पण मला नोकरीत लागून तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती, आणि त्या महिन्यात खऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग मला एकही दिसला नाही. प्राध्यापकांनी प्राध्यापकांपुढे पाठ घेतले. समोरच्याला उत्तर आधीच माहीत असले की शिकवणे फार सोपे असते.

आता नियमाकडे येतो, कारण गंमत अशी की नियम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की विषय कोणताही असो, प्रत्येक शोधविद्यार्थ्याने संशोधनाच्या काळात अध्यापनाचे किंवा लेखनाचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी त्याला आठवड्याला 4 ते 6 तास काम देता येईल. पहिले वाक्य सक्तीचे, दुसरे ऐच्छिक. आणि सक्तीच्या वाक्यातही 'किंवा' आहे, त्यामुळे संशोधनलेखनाचा एखादा कोर्स उरकला की नियम पाळला गेला. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांनी तसेच केले. वर्गात पाऊल न टाकता त्यांचे अध्यापन प्रशिक्षण कागदोपत्री पुरे झाले.

दुसरी फट त्याहून मोठी आहे. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट पुरेसे आहे, पीएच.डी. ऐच्छिक. हा निर्णय मला पटतो. नुसत्या पदवीसाठी रचलेले प्रबंध मी पुष्कळ वाचले आहेत. पण त्याचा अर्थ असा की एम.ए. आणि सेट झालेला तेविशीतला मुलगा पीएच.डी.च्या प्रशिक्षणाची वाटच न तुडवता सरळ वर्गात उभा राहू शकतो. म्हणजे तयारी करून घ्यायची तर ती एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या दोन वर्षांतच करून घ्यावी लागेल.

आणि तिथे जागा आयती आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्याच खात्याने पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 श्रेयांक ठेवले आहेत. आमच्या भागात या ओजेटीचे काय होते ते सांगतो. अर्थशास्त्राची मुले पतसंस्थेत जातात, मराठीची मुले ओळखीच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत किंवा वाचनालयात. काही खरेच शिकतात. बाकीची शिक्का आणतात. यांतल्या ज्यांना शिक्षकच व्हायचे आहे, त्यांना त्याच इमारतीतल्या एफवायच्या वर्गात का पाठवू नये? वीस-पंचवीस मुलांचा एक गट, आठवड्याला दोन ट्युटोरियल, आणि मागच्या बाकावर एक अनुभवी शिक्षक. ना नवी इमारत लागते, ना नवे पोर्टल.

मागच्या बाकावरून काय दिसते, तेही सांगतो. सेवेच्या शेवटच्या काही वर्षांत मी हे खाजगीत करून पाहिले. संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत होती, तिच्या परवानगीने मी वर्गात जाऊन बसलो. तिची तयारी माझ्या 1992 च्या तयारीपेक्षा कितीतरी चांगली होती. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात तिने सात प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नानंतर एका श्वासाइतके थांबून उत्तर स्वतःच दिले. नजर पहिल्या तीन बाकांपलीकडे गेली नाही. सुरगाणा-पेठकडून वसतिगृहात आलेली, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी चार-पाच मुले माझ्या शेजारी बसली होती. त्यांच्या वहीत तारीख आणि शीर्षक होते, खाली काही नाही.

मी तिला मत दिले नाही. फक्त कागद दिला: बाकांचा नकाशा आणि कोणाशी किती वेळा बोलणे झाले त्याच्या रेघा. ती बराच वेळ पाहत राहिली. पुढच्या तासाला प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजू लागली. पहिल्यांदा ती शांतता तिला सोसेना. तिसऱ्या आठवड्यात, बाजारभावाचा विषय चालू असताना, मागून एक मुलगी बोलली. मोहाची फुले विकताना घरी मोजमाप कसे होते, पैसे कधी मिळतात, उसनवारी त्यात कशी वळती होते. अर्धी मराठी, अर्धी आपल्या बोलीत. बाईंनी ते फळ्यावर लिहिले, तिच्याच शब्दांत, आणि मग विचारले: इथे भाव ठरवणारा कोण? उरलेला तास वर्गानेच चालवला.

चिकित्सक अध्यापन म्हणतात ते याला. शब्द जड आहे. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी शिक्षणाला बँकेची उपमा दिली होती: शिक्षक ठेव ठेवतो, विद्यार्थी ती परीक्षेपर्यंत सांभाळतो. पण हे कळायला आपल्याला ब्राझीलपर्यंत जायची गरज नाही. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सांगितले होते की प्राथमिक शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. त्यांना औत धरता यावे इथवर त्यांचा आग्रह होता. अप्रशिक्षित आणि तुटपुंज्या पगाराच्या मास्तरांबद्दलची तक्रारही त्याच निवेदनात आहे. बोलणे प्राथमिक शाळेबद्दल होते. आज कॉलेजच्या बाकावर घरातले पहिलेच म्हणून येऊन बसलेली मुले पाहिली की ते शब्द जिना चढून वर आलेत असे वाटते.

आणि हे शिकवता येते, यावर माझा भर आहे. 'शिक्षक हा जन्मावा लागतो' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये शेकडो वेळा ऐकले, बहुधा ज्यांच्या तासाला मुले बसत नसत त्यांच्याच तोंडून. थांबणे, ऐकणे, विद्यार्थ्याच्या अनुभवाला संकल्पनेशी जोडणे, 'मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो' असे न लाजता म्हणणे, या हाताला वळण लागण्याच्या गोष्टी आहेत. कुणीतरी पाहत असले आणि नंतर चहा पिता पिता त्यावर बोलले, की लागते वळण.

पण महोदय, यात एक मोठा धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. रिक्त जागा पडून आहेत, तासिका तत्त्वावरची मुले महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहतात. अशा वेळी 'विद्यार्थ्यांना शिकवू द्या' म्हटले की काही संस्थाचालकांचे डोळे लकाकतील. फुकटचा मास्तर मिळाला! तसे होणार असेल तर हे पत्र फाडून टाका. एम.ए.च्या मुलाने नियमित तास घ्यायचा नाही, फक्त छोट्या गटाचे ट्युटोरियल घ्यायचे; नेमणुकीतला शिक्षक त्या खोलीत हजर असलाच पाहिजे; आणि या तासांवरून कार्यभार कमी दाखवून एकही पद गोठवता कामा नये, हे शासन निर्णयात पांढऱ्यावर काळे असायला हवे. शोधविद्यार्थ्याच्या 4 ते 6 तासांना वेळेवर मानधन हवे.

मार्गदर्शक शिक्षकाचेही पाहा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. मागच्या बाकावर बसलेला तास त्या सोळात धरला नाही, तर बसणारे बसतील पण वर्गात उत्तरपत्रिका तपासत बसतील. आणि त्याने काढलेल्या नोंदी कोणाच्याही गुणपत्रिकेत, गोपनीय अहवालात, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत जाता कामा नयेत. त्या दोघांतच राहाव्यात. जिओटॅग फोटो मागवलात की पहिल्या आठवड्यात सगळे मेले समजा: मुलगी फोटोपुरती हसेल, सर फोटोपुरते मान डोलावतील, आणि फाइल 'अ' श्रेणीत पास होईल.

सगळ्या विद्यापीठांत एकदम सुरू करू नका. पाच-सहा तालुक्यांची महाविद्यालये घ्या, जिथे विभागात दोन तरी शिक्षक शिकवण्यात रमलेले आहेत. अशी महाविद्यालये सहसंचालकांना विचारू नका, जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. एक वर्ष चालवा. मग त्या मुलांनाच बोलावून विचारा काय झाले.

मार्गदर्शक कमी पडले तर निवृत्तांची यादी करा. आमच्यातले बरेच जण सकाळी फिरून आले की मोकळेच असतात. माझे नाव त्यात घाला. सकाळी साडेसातचा तास असला तरी येईन. मानधन नको, एसटीचे भाडे द्या. त्यातही आता ज्येष्ठांना सवलत आहे.

आपला नम्र,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
निफाड तालुका, जि. नाशिक