तक्रार पत्र : कोकण किनारा सहलीचा चुकीचा आराखडा आणि अनामतीतून कापलेली रक्कम

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कॅराव्हॅनच्या (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या) सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तुटल्याबद्दल अनामतीतून कापलेले ११,८०० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

गाडी परत ताब्यात घेताना आपल्या प्रतिनिधीने ‘चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारून वरील रक्कम कापली. हा शेरा आम्हांला मान्य नाही. व्हॉल्व्ह दाभोळच्या जेट्टीवर, फेरीबोटीत चढताना तुटला. त्या जेट्टीवर त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता पोहोचायचे, हे आपल्याच छापील आराखड्यात लिहिले आहे. तेव्हा आधी त्या वेळेबद्दल लिहितो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, तळाची ओहोटी. गावागणिक थोडा फरक पडतो, पण जेट्टीवर कधी पोहोचायचे हे ठरवायला एवढे पुरते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या आराखड्यात त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी पाचला दाभोळची जेट्टी आहे. पंधरवड्यातली सगळ्यांत वाईट वेळ तीच.

आता गाडीकडे पाहू. मागच्या चाकाच्या मध्यापासून व्हॉल्व्हपर्यंतचे अंतर २१० सेंटीमीटर आहे आणि व्हॉल्व्हचे तोंड जमिनीपासून २२ सेंटीमीटर उंच आहे. टाकी भरलेली आणि माणसे-सामान आत असले की मागचे पाटे (स्प्रिंगा) बसतात आणि ही उंची आणखी दोन-तीन सेंटीमीटरने घटते. गाडी जेट्टीच्या उतारावरून खाली येते. मागची चाके बोटीच्या फळीवर आली की गाडी सपाट होते, पण तिच्या शेपटाखाली उतार अजून वर चढत गेलेला असतो. तो चढ दहा फुटांत एक फुटाहून जास्त असला की व्हॉल्व्ह टेकणारच. भरतीच्या वेळी बोट वर असते आणि हा कोन कमी भरतो. तळाच्या ओहोटीला फळी उताराच्या खालच्या, झिजलेल्या आणि शेवाळलेल्या टोकाला टेकते, कोन वाढतो आणि त्यात चाके घसरू नयेत म्हणून गाडी थांबवताही येत नाही. आपल्या गाडीचा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा आहे, त्याला पुढे पट्टी किंवा संरक्षक नळी नाही, आणि तो मागच्या टोकाला सर्वांत खाली लोंबतो. सोबतच्या छायाचित्रात त्याची तुटलेली मान आणि तिच्यावरचा सिमेंटचा पांढरा ओरखडा स्पष्ट दिसतो. हीच गाडी त्याच जेट्टीवर सकाळी साडेनऊ ते दुपारी एकच्या दरम्यान चढवली असती, तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता. मागच्या चाकांखाली ठेवायच्या दोन लाकडी फळ्या गाडीत दिल्या असत्या, तरी पाच-सात सेंटीमीटर मिळाले असते. त्याही नव्हत्या.

फेरी सोडून द्यायची म्हटले तर दाभोळहून दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागर गाठावे लागते. शंभरावर किलोमीटरचा हा रस्ता आपल्या आराखड्यात पर्याय म्हणूनसुद्धा नाही. बागमांडला-वेसवी आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेऱ्यांनाही तिथी न बघताच वेळा दिल्या आहेत.

दुसरी बाब वातानुकूलनाची. माहितीपत्रकात ‘रात्रभर एसी, बॅटरीवर’ असे ठळक छापले आहे. गाडीत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक लेड-ॲसिड बॅटरी आहे, म्हणजे १,८०० वॉट-अवर. तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. एक टनाचा एसी सुरू असताना हजार-बाराशे वॉट खेचतो, इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के आणखी जातात. शिवाय शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला की लेड-ॲसिड बॅटरी तिच्यावर छापलेली क्षमता देतच नाही. हिशेब केला तर अर्धा-पाऊण तास. त्यानंतर इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो आणि पहाटेपर्यंत फ्रिजही बंद असतो. छतावरचे शंभर वॉटचे सोलर पॅनेल सुरूच्या बनात सावलीखाली काहीच भरत नाही, आणि किनाऱ्यावरचे टप्पे लहान असल्याने गाडी चालताना होणारे चार्जिंगही अपुरे पडते.

खरे तर एसीची गरजच पडू नये. पंचवीस वॉटचे दोन डीसी पंखे आठ तास चालवले तर ४०० वॉट-अवर, फ्रिजला साधारण तेवढेच. आपली बॅटरी एवढ्याला जेमतेम पुरते. पण पंखे दिलेले नाहीत, आणि सरकत्या खिडक्यांना जाळी फक्त एका बाजूच्या काचेला आहे. दुसरी काच सरकवली की सहा इंचांची उघडी फट राहते. खाडीकाठच्या गावात संध्याकाळनंतर डास आणि चिलटे एवढी असतात, की खिडकी बंदच ठेवावी लागते. त्यात बाहेरची दमट हवा, म्हणून मग एसीच.

होमस्टेवर वीज घ्यावी, असे पत्रकात म्हटले आहे. त्यासाठी दिलेली तार दीड चौरस मिलिमीटरची आणि तीस मीटर लांब आहे. संध्याकाळी गावात दाब मुळात कमी, त्यात या तारेत आणखी व्होल्ट पडतात, आणि एसीचा कॉम्प्रेसर घुरघुरतो पण उचलत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. अनेक जुन्या घरांत अर्थिंग नावापुरते असते, कारण जांभ्यात कोरड्या दिवसांत जमिनीचा रोध फार वाढतो. अशा ठिकाणी गाडी जोडली की दारात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. गाडीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नाही. याकडे कृपया आजच लक्ष द्यावे, कारण पुढच्या ग्राहकाच्या मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कॅसेट टॉयलेटची, म्हणजे गाडीतल्या शौचालयाची बाहेर काढून रिकामी करायची, टाकी २० लिटरची आहे. चार माणसांना ती दोन दिवस पुरते. ‘योग्य ठिकाणी रिकामी करावी’ एवढीच सूचना आहे. वेळासपासून गुहागरपर्यंत ते योग्य ठिकाण कोणते, हे कुठेही लिहिलेले नाही. किनाऱ्यावर किंवा ओढ्यात ती ओतणे अक्षम्य आहे, म्हणजे उरतो घरमालकांचा सेप्टिक टँक. पण आपण दिलेले निळे द्रावण फॉर्मलीनचे आहे. ते त्या टाकीतले जिवाणू मारते, टाकीतून पाणी शोषखड्ड्यात जाते आणि त्याच परड्यात विहीर असते. जैविक द्रावण द्या आणि आराखड्यातल्या प्रत्येक मुक्कामाच्या मालकाशी आधी बोलून परवानगी घ्या. ज्यांच्या अंगणात आपले ग्राहक उतरतात, त्यांच्या विहिरीची काळजी आपण घेतलीच पाहिजे.

वेळासला ‘किनाऱ्यालगत गाडी लावून, दिव्यांच्या माळेखाली जेवण’ असा कार्यक्रम आहे. तो ताबडतोब काढून टाकावा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरते, आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे सरपटत जातात. गावाने वर्षानुवर्षे राखलेला हा किनारा आहे. गाडी गावात, घराच्या आवारात लावावी आणि बाहेरचे दिवे बंद ठेवावेत.

आमची मागणी अशी : कापलेले ११,८०० रुपये पूर्ण परत करावेत, शेरा मागे घ्यावा आणि ‘रात्रभर एसी’ म्हणून घेतलेले प्रतिरात्र ७०० रुपयांचे जादा भाडेही परत करावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांवरून आम्ही राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत आराखड्याची आणि माहितीपत्रकाची प्रत, भाड्याची व अनामतीची पावती, व्हॉल्व्हची व बॅटरीवरील लेबलची छायाचित्रे जोडली आहेत. तुटलेला व्हॉल्व्ह आमच्याकडे जपून ठेवला आहे, तपासणीसाठी केव्हाही दाखवू.

आपले,
गाडी भाड्याने घेणारे ग्राहक
पुणे