मंत्रिमहोदय, जमालपुरात शत्रूनंही पत्राचं उत्तर दिलं होतं

माननीय मंत्रिमहोदयांस,

सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी संध्याकाळी वाड्यावरचा एक मुलगा धापा टाकत दारात आला. "ताय, मास्तरांचीं बुकां पावसांत भिजतात." मी तशीच धावले. शाळेच्या पडवीत, पावसाची झड थेट आत येते त्या कोपऱ्यात, सात रजिस्टरं टाकलेली होती. वरची दोन फुगून उघडली होती आणि शाई उतरून पानं निळी झाली होती. अक्षर माझ्या बाबांचं होतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. आमच्या वाड्यावरच्या निम्म्या लोकांच्या जन्मतारखेचा दाखला आजही याच पानांवरून निघतो. आतली बाकं कुणीतरी ट्रकमधून नेली होती. रजिस्टरांना ट्रकमध्ये जागा झाली नाही.

जानेवारीत बाबा गेले. त्याच शाळेच्या अंगणात शोकसभा झाली आणि तुम्ही आलात, त्याबद्दल तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुमचे आभार मानले होते. माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात की मास्तरांची शाळा बंद पडू देणार नाही आणि पावसाळ्याआधी छप्पर घालून देऊ. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी लोकांनी वाजवल्या. जूनमध्ये दाराला कुलूप लागलं आणि वर कागद चिकटला: पटसंख्या कमी असल्यानं शाळा विलीन. मुलं नऊ होती. नवी शाळा चार किलोमीटरवर आहे, मध्ये मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमातलं अंतर आहे. सहा वर्षांच्या पोरानं तो रस्ता कसा ओलांडायचा, हे त्या कागदात लिहिलेलं नाही.

तुम्ही बाबांना 'आदरणीय गुरुजी' म्हणालात. पण तुम्हाला ते माहीत नव्हते, म्हणून सांगते.

ते १९४४ साली पेडणे महालात जन्मले, पोर्तुगिजांच्या राज्यात. देवळाच्या सभामंडपात शेणयमामाकडे, म्हणजे गावच्या पंतोजीकडे, मराठी मुळाक्षरं गिरवली. गोवा मुक्त झाला तेव्हा सतरा वर्षांचे होते. दोन वर्षांनी बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. पलटणीत असतानाच मॅट्रिक झाले. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीबरोबर पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला होते. तिथला छऱ्याचा एक तुकडा डाव्या खांद्यात शेवटपर्यंत राहिला. पंधरा वर्षांची नोकरी संपवून आले, डी.एड. केलं आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यावर ज्या मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या आमच्या शाळेत लागले. २००४ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच. लोक त्यांना 'मिल्ट्री मास्तर' म्हणत. पावसाळ्यात व्हाळाला पाणी आलं की पलीकडच्या मुलांना एकेक करून उजव्या खांद्यावरून आणत. डाव्या खांद्यावर दप्तरसुद्धा घेता येत नसे.

घरात मात्र कसली मिल्ट्री नव्हती. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती. पहाटे उठून तिची पेज करायची, तिला भरवायची, माझ्या दोन वेण्या घालायच्या आणि मग शाळेची घंटा वाजवायला जायचं. वेण्या इतक्या घट्ट घालत की दिवसभर डोकं ठणकायचं, पण सुटली एकही नाही. गणेशचतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडणी, बांधताना रानातली फळं, पानं मुलांकडून आणवत आणि प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेत.

चौथीला पत्रलेखन शिकवताना दरवर्षी ते जमालपूरची गोष्ट सांगत. मीही त्याच वर्गात बसून ऐकली. १० डिसेंबर १९७१ ला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यात सापडलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण या म्हणून पत्र लिहिलं. एक म्हातारा स्थानिक माणूस जीव मुठीत धरून ते घेऊन गेला. लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूदनं उत्तर पाठवलं आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. गोष्ट संपली की बाबा खडू खाली ठेवून म्हणायचे, "गोळी घालून का होईना, उत्तर आलं. पत्र आलं की उत्तर द्यायचं असतं, बाळांनो."

जूनपासून मी चार पत्रं रजिस्टर्ड एडीनं पाठवली, दोन तुमच्या नावानं आणि दोन खात्याला. पोचपावत्या चारही आल्या, उत्तर एकाचंही नाही. शेवटी कचेरीत गेले. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या माणसानं विचारलं, "मास्तर तुमचे कोण? तुमचा या प्रकरणाशी संबंध काय?" त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढी मी त्या कचेरीच्या जिन्यावर रडले.

नऊ मुलांसाठी शिक्षक परवडत नाही म्हणता. आमच्या रस्त्यावर स्वागताची कमान उभी राहिली, तिला अकरा लाख लागले असं लोक बोलतात. बिल मी पाहिलेलं नाही, पण एका छपरापेक्षा ती नक्कीच महाग आहे. आणि नऊच मुलं का उरली? २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा सदुसष्ट वर्षांचे बाबा त्याविरुद्धच्या आंदोलनासाठी पणजीला गेले होते. पुढच्या वर्षी सरकार बदललं, अनुदान तसंच राहिलं. आधी मराठी शाळेचा पाया उकरायचा, मुलं गळाली की पटसंख्या मोजायची आणि मग कुलूप लावायचं, हे तुम्ही एकट्यानं केलेलं नाही. सगळ्यांनी मिळून केलंत. निवडणूक आली की मात्र तुम्हा सर्वांना मराठी आठवते, माजी सैनिक आठवतात. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, बाबांना शाल मिळायची. अशा अकरा शाली कपाटात आहेत. त्यातली एकही छपरावर घालता येत नाही, मंत्रिमहोदय.

शाळेला त्यांचं नाव द्या असं मी म्हणत नाही. कुलूप काढा, छप्पर घाला, नऊ मुलांना शिक्षक द्या. आणि जमणार नसेल तर तसं लिहून, खाली सही करून पाठवा.

रजिस्टरं मी घरी आणली आहेत. चुलीवरच्या माळ्यावर दोरी बांधून एकेक पान सुकवते आहे. काल एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी आली, तिचं पान मी शोधून दिलं. १९९१ सालचं होतं, वाचता येत होतं. ही रजिस्टरं खात्याला परत हवी असतील तर खात्यानं माणूस पाठवावा. किती पानं भिजली ते लिहून घेऊन, पावती देऊन न्यावीत. तोवर ती इथेच आहेत.

आपली,
मिल्ट्री मास्तरांची मुलगी
पेडणे, गोवा