‘होतंय की, खरं मी करत नाही’

आदरणीय मिस्त्रीमामांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र असं उघड्यावर लिहायला दोन कारणं आहेत. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ग्राइंडर चालू करता, हे एक. दुसरं म्हणजे गेल्या दसऱ्याची एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे. ती चारचौघांत कबूल केल्याशिवाय माझ्या आभाराला काही अर्थ नाही. तुमचा नातू हे वाचून दाखवील. शेवटपर्यंत ऐका, मधेच उठू नका.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या मिलिटरी गाड्यांचं वेड लागलेली माणसं आमच्या भागात वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. नाव छापलं तर सोमवारी तुमच्या दारात ट्रक उभे राहतील. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली तुमची शेड ओळखीच्यांना माहीत आहे, तेवढं पुरे. आपल्या बेळगावात पाटीवरची अक्षरं कुठली आणि किती मोठी, यावरून डोकी तापतात. तुमच्या शेडला पाटीच नाही. हाताखालच्या पोराला तुम्ही कन्नडमधून सांगता, मला मराठीतून, आणि लेथ अडली की तिला दोन्हींतून शिव्या देता.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीचं सांगतो. माझी गाडी शक्तिमान, म्हणजे लष्कराचा जुना ट्रक. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनायला लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. पुढे लष्करात तिची जागा स्टॅलियन ट्रकनं घेतली. लांब नाकाडाची, गोल मडगार्डांची, चारही चाकांना जोर देणारी. लहानपणी आम्ही बेळगावला मावशीकडे यायचो, तेव्हा कॅम्पातून मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरकडे वळणाऱ्या शक्तिमान मोजत बसायचो. मावसभावाचे नेहमी दोन जास्त भरायचे. तो खोटं मोजायचा, हे मला चाळिशीत कळलं.

माझ्या वाट्याला आलेली गाडी खानापूरकडच्या एका काजूच्या बागेत उभी होती. लष्कराच्या लिलावातून सुटली, मग जंगलातली लाकडं ओढली, मग वीटभट्टीवर गेली आणि शेवटी कोंबड्यांची झाली. रंग खरवडताना वर निळा निघाला, त्याखाली तपकिरी, त्याखाली मिलिटरीचा हिरवा, आणि त्या हिरव्यावर वर टोक केलेला बाण. बाणानंतरचे दोन आकडे वर्षाचे असतात: ८६. त्या दिवशी मी जेवायलाही घरात गेलो नाही. मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला होता आणि त्यावर एक बारका दिवा. रात्रीच्या ताफ्यात बाकीचे दिवे बंद ठेवून चालताना मागच्या ड्रायव्हरला तेवढाच पांढरा ठिपका दिसावा आणि त्यानं त्या ठिपक्यामागं यावं, ही त्यातली युक्ती. तो दिवा मी पुन्हा चालू केला आहे. त्याचा आज काडीचा उपयोग नाही.

“हिचं करणार काय?” असं घरातून चार वर्षं विचारलं जातंय. उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझं डोकं वेगळ्याच हवेत होतं. जुनं इंजिन काढून आजच्या ट्रकचं टर्बो इंजिन बसवायचं, असा बेत. कागदावर चित्रसुद्धा काढलं होतं. तुम्ही चित्राकडे बघितलं नाही, गाडीखाली गेलात. बाहेर आल्यावर एकच विचारलंत, “थांबवणार कशानं?” ब्रेकच्या टाकीत कुणीतरी कधीतरी साधं हायड्रॉलिक तेल ओतलं होतं. त्या तेलानं ब्रेकची रबरं फुगतात. माझी तर फुगून पेढ्यासारखी झाली होती. मग तुम्ही बोटं मोजलीत. इंजिनचा जोर वाढला की गिअरबॉक्सवर येतो, तिथून फिरत्या दांड्याच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, क्रॉसवरून मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरांवर, आणि हे सगळं सोसायचं ते जुन्याच लोखंडानं. शिवाय नोंदणीच्या कागदावर एक आणि गाडीत दुसरंच, हे कायद्याला चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम त्यासाठीच आहे, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते न वाचता सांगितलं होतंत.

रंगाचंही तसंच. मला तोच हिरवा परत हवा होता. “मिलिटरीचा रंग मिलिटरीला,” एवढंच बोललात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे: ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणाला लावता येत नाही. गाडी राखाडी झाली. पावसात भिजली की काळी दिसते, म्हणून गावात तिला म्हैस म्हणतात. मीही आता तेच म्हणतो.

आता मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीकडे येतो, कारण ते काम मी जन्मभर विसरणार नाही. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, धुराच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत तडकलेला. तिघांनी सांगितलं होतं, बीड वेल्ड होत नाही, टाकून द्या. तुम्ही तडीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडलीत, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग तड खणून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केलीत. बर्नरनं सगळा तुकडा तापवलात, नुसती तड नाही. निकेलचा रॉड लावलात आणि इंचभर वेल्ड, मग थांबून छोट्या हातोडीनं टकटक, परत इंचभर. मी घाई केली तर म्हणालात, “बीड रुसतं. एका जागी ऊन, एका जागी थंड केलं की दुसरीकडे फुटतं.” शेवटी तो तापलेला तुकडा चुन्याच्या ढिगात पुरलात. “घरी जा. उकरून बघायचं नाही.” दुसऱ्या दिवशी दुपारी काढला तेव्हाही आत हाताला कोमट लागला. तेव्हापासून त्यातून धुराची रेषसुद्धा बाहेर आलेली नाही.

आणि त्याच दुपारी, मी कुंद्याचा डबा पुढे करत असताना, तुमचं लक्ष माझ्या हातातल्या दुसऱ्या पिशवीकडे गेलं. स्टिअरिंग आर्म, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणारा पोलादी हात. त्याचं बुशिंग घट्ट करायला आणला होता, दहा मिनिटांचं काम. तुम्ही तो केरोसिनमध्ये बुडवलात, फडक्यानं कोरडा पुसलात आणि खडूची पूड फिरवलीत. मग बिडी पेटवून बाजूला उभे राहिलात. बिडी अर्धी झाली तेव्हा पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. आत शिरलेलं केरोसिन खडूनं बाहेर ओढलं होतं.

मी म्हटलं, “वेल्ड मारून टाका की.”

तुम्ही म्हणालात, “होतंय की. खरं मी करत नाही.” आपल्या बेळगावी बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

बीडाचं जमतंय आणि पोलादाचं जमत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. तुम्ही भंगारातला एक जुना घडीव पाना उचललात, करवतीनं कापलात, परत वेल्ड करून जोडलात, व्हाइसमध्ये अडकवलात आणि माझ्या हातात घण दिलात. तिसऱ्या घावाला पाना मोडला. वेल्ड शाबूत होता, मोडला तो वेल्डला लागून, अगदी कडेला. तिथं कानस फिरवलीत तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. घडवलेल्या पोलादाला आधी ठरावीक ताव आणि पाणी दिलेलं असतं. वेल्डच्या धगीनं शेजारची पट्टी कडक होते आणि कडक झालेली गोष्ट ठिसूळही होते. मॅनिफोल्ड फुटला तर धूर येतो. हा आर्म मोडला तर चाक कुणाचंही ऐकत नाही.

हे सगळं समजलं मामा, तरीही मी तुमच्यावर चिडलो. चार दिवसांवर खंडेनवमी होती. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की म्हैस वेशीपासून देवळापर्यंत चालत येणार. तुम्हाला मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, तुम्हाला आठवत असेलच. “दोनशे रुपयांच्या कामाचं शास्त्र करता,” हे त्यातलं सगळ्यांत सौम्य. तुम्ही आर्म फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि लेथकडे वळलात.

आता लपवलेली गोष्ट. मी तिथून निघालो तो सरळ दुसऱ्या एका गॅरेजला गेलो. कुठल्या ते विचारू नका. पंधरा मिनिटांत वेल्ड झाला, ग्राइंड करून गुळगुळीत झाला, वर काळा रंगही मारून मिळाला. दीडशे रुपये. तुमच्यापेक्षा पन्नास कमी, असा हिशेब करत मी घरी आलो. इतका मी मूर्ख होतो.

आर्म बसवला. खंडेनवमीच्या आदल्या रात्री झोप लागेना. भीती वाटत होती असं म्हटलं तर ती माझी फुशारकी होईल. खरं सांगायचं तर तुम्ही भांडला नाहीत याचा राग येत होता. रात्री अकराला टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो, आर्म काढला, रंग थिनरनं पुसला. स्टोव्हमधलं केरोसिन आणि मुलीच्या दप्तरातला खडू. बिडी मी ओढत नाही, म्हणून घड्याळ लावून बसलो. वेल्डवर काही नव्हतं. वेल्डच्या अगदी कडेला रेघ होती.

दुसऱ्या दिवशी म्हैस ओट्यासमोर दगडांवर उभी होती. झेंडूचे हार, लिंबं, चाकाखाली नारळ, सगळं झालं, फक्त ती जागची हलली नाही. पोरांनी विचारलं, “काका, हाकलणार कधी?” माझ्या चुलत्यांनी परस्पर उत्तर दिलं की ही दुभती आहे, कामाला लावत नाहीत. गाव दोन दिवस हसलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. तुम्हाला तर नाहीच.

आणि मग दिवाळीनंतर तुमच्या नातवाचा फोन आला: आजोबांनी बोलावलंय, पिशवी घेऊन या. तुम्ही कोल्हापूरच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून दुसरा आर्म मिळवून ठेवला होता. तोही जुनाच, पण सरळ आणि स्वच्छ. खडू तर तुम्ही फिरवलाच होता. वर ओळखीच्या एका कारखान्यात चुंबकाच्या मशीनवर तड तपासूनही आणला होता. मी पैसे विचारले. तुम्ही आर्मचे, तपासणीचे आणि बसभाड्याचे मोजून घेतलेत, कागदावर लिहून. त्या हिशेबात माझ्या बोलण्याचा उल्लेख नव्हता. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की मी दुसरीकडे जाऊन आलो होतो. “चहा घेणार?” असं तुम्ही विचारलंत आणि मी चहा घेतला.

त्या आर्मवर म्हैस आजपर्यंत व्यवस्थित चालली आहे. खानापूरहून जांबोटीपर्यंत दोनदा गेली, एकदा भर पावसात. पुढचा ॲक्सल फक्त चिखलात जोडतो, डांबरावर नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण सगळा गिअरांवर बसतो, हेही तुमचंच सांगणं. स्टिअरिंग इतकं जड आहे की संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना खांदे दुखतात. पॉवर स्टिअरिंग बसवण्याचं डोक्यात आहे. हायड्रॉलिकची माणसं तर उद्यमबागेत हवी तितकी आहेत. पण आधी तुम्हाला विचारीन, आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्या दिवशी तरी गप्प बसीन.

तुमच्या उपकारांत मॅनिफोल्ड येतो, ब्रेक येतात, ती खडूची विद्या येते. पण ज्यासाठी हे पत्र आहे ते तुमचं ‘मी करत नाही’. तुमच्या हातात ते काम होतं, माझे पैसे समोर होते, आणि गिऱ्हाईक चिडून जाणार हे दिसत होतं.

वेल्ड केलेला तो आर्म माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. जुन्या गाड्यांची पोरं बघायला येतात तेव्हा त्यांच्या हातात देतो आणि केरोसिन-खडू पुढे करतो. रेघ शोधायला सगळे वेल्डवरच बघतात.

एक काम उरलं आहे. चाकांवर टायर धरून ठेवणाऱ्या लॉक रिंगा गंजल्यात, त्यातली एक मला नीट बसलेली वाटत नाही. तुमच्या ताकिदीप्रमाणे हवा न भरता तशीच ठेवली आहे. पंक्चरवाल्यालाही हात लावू दिलेला नाही, कारण त्याच्याकडे चाक आत ठेवून हवा भरायचा पिंजरा नाही आणि हवेच्या दाबानं रिंग सुटली तर समोरच्या माणसाचं काय होतं ते तुम्ही हातानं दाखवलं होतंत. रविवारी सगळी चाकं घेऊन येतो. खडू मी आणतो, बिडी तुमची.

आपला,
म्हशीवाला